जनरलला दिलेले हात

जनरलसाहेबांचा कोट इस्त्रीला आला तो एका साध्या सोमवारी. ओला फडका टाकून, बटणांना चटका न लागू देता इस्त्रीवालीने तो असा काही उभा केला की घ्यायला आलेला चितारी म्हणाला, "आता ह्याच्या आत माणूस तेवढा हवा."

झालं होतं असं, की लढाई चालू होती. जनरल चित्रासाठी दोनदाच येऊन बसले, तेही चेहरा काढण्यापुरते. मग आघाडीवर गेले आणि कोट तेवढा मागे ठेवला. धड आणि हात काढायला चिताऱ्याला त्यांच्या अंगलटीचा कुणीतरी हवा होता. इस्त्रीवालीचा नवरा सुतार. उंची तीच, खांदे तेच.

"आमच्या ह्यांना न्या की," तीच बोलून बसली. "कोट चढला तर चार माणसांत उठून तरी दिसतील."

तीन आठवडे सुतार रोज तासभर उभा राहिला, तलवारीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून. चितारी दिसेल ते काढणारा. सुताराच्या अंगठ्याखाली पटाशी लागल्याची वाकडी खूण होती, तीसुद्धा त्याने सोडली नाही. चित्र वाळतंय तोवर जनरल लढाईत पडल्याची बातमी आली. मग ते सभागृहाच्या भिंतीवर लागलं, माणसाएवढं, थेट जमिनीला टेकलेलं.

त्यानंतर महिन्याभराने सुताराच्या हातांना वास यायला लागला.

लाकडाचा नव्हे, सरसाचा नव्हे. साबणाचा. इस्त्रीवालीचा जन्म लोकांचे कपडे हाताळण्यात गेलेला. कुठल्या घरात कुठला साबण, ती डोळे मिटून सांगायची. हा साबण गावात एकाच घरी होता. जनरलीणबाईंच्या.

"चार वाजता कुठं होतात?"

"रंधा मारत होतो. दुसरीकडं कुठं असणार?"

"हात बघू."

त्याने पुढे केला. ऊन होता हात, मऊ, जणू आत्ताच कुणी सोडलाय.

"चार वाजले की जड होतो गं," तो हळूच म्हणाला. "कुणी धरल्यासारखा..."

"धरत असेल कुणीतरी. नशीबवान आहात!"

बोलली खरी, पण तेवढ्यावर थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या कारखान्याच्या खिडकीआड उभी राहिली. चार वाजले. रंधा थांबला. सुताराचा हात फळीवर आपोआप पसरला, आणि हाताच्या मागच्या बाजूची कातडी चार ठिकाणी दबली, पांढरी झाली... चार बोटांखाली दबावी तशी. जवळ कुणी नव्हतं. वास मात्र खिडकीपर्यंत आला.

सभागृहाचे पडदे इस्त्री होऊन तयार होते. परवा द्यायचे होते, ते तिने दुसऱ्याच दिवशी चार वाजता नेले.

दालन थंड. बाहेर लख्ख ऊन, आत एवढा अंधार की चित्राची सोनेरी बटणंच आधी दिसली. समोर जनरलीणबाई. त्यांचा हात चित्रातल्या हातावर.

"पंधरा वर्षांत असा हात मिळाला नाही," त्या मागे न वळता म्हणाल्या.

"बाई... तो हात आमच्या ह्यांचा आहे."

"ठाऊक आहे मला. माझ्या नवऱ्याच्या हातावर अशी खूण नव्हती." आणि हसल्या. "तुझ्याकडे दिवसभर असतो की गं. मला एक तास पुरतो."

त्या निघून गेल्या. पडद्यांचं गाठोडं कवटाळून इस्त्रीवाली तिथेच उभी राहिली. अंगाचा नुसता भडका. तिने मान वर केली, आणि जनरलकडे पाहिलं. जनरलची नजर समोर रणांगणाकडे आहे असं सगळे म्हणायचे. ती समोर नव्हती. खाली वळली होती, त्या हातांवर. ही नजर तिच्या ओळखीची होती. गेले काही दिवस ती आरशात हीच तर बघत होती.

कुणी दुसरी असती तर पळाली असती. हिला उलट चेव आला.

"बघत काय बसलात?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "एवढी फौज सांभाळलीत, एक बायको सांभाळवेना? हे हात तुम्ही घ्या... घ्या हवे तर. पण तिला मिळू देऊ नका."

दालनात कुठेतरी कोट ताणल्यासारखं कापड करकरलं.

त्या दिवसापासून साबणाचा वास गेला. चार वाजून जायचे, रंधा चालूच. इस्त्रीवाली गुणगुणायला लागली. नवऱ्याच्या ताटात हौसेने दोन घास जास्त वाढू लागली. पाच दिवस.

सहाव्या दिवशी दुपारी ती इस्त्रीचे कपडे पोचवायला निघाली. सुतार चहाला घरी आलेला. त्याचा हात पुढे आला आणि तिचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने दाराची कडी लावली.

"सोडा. गिऱ्हाईक वाट बघतंय."

"मी नाही धरलं..."

"मग कुणी धरलं?"

सुताराचे ओठ पांढरे पडले होते. "सुटत नाही गं. मी सोडतोय... हात सोडत नाही."

तिने गंमत समजून हिसका दिला. पकड आवळली. सुताराने कधी इतक्या जोरात तिला धरलं नव्हतं; भांडणातसुद्धा नाही. घड्याळात चार वाजून गेले. तशातच दारावर थाप पडली.

"उघड." आवाज जनरलीणबाईंचा. पळत आल्यासारखा.

"येत नाही उघडता."

 मग बाई फटीला तोंड लावून बोलल्या, आणि त्या बोलण्यात रडण्यापेक्षा जळणं जास्त होतं.

"त्या दिवशी चित्रापाशी मागे राहून काय दिलंस तू त्यांना? माझ्याकडे बघत नाहीत आता. हातही देत नाहीत... दोन्ही पाठीमागे घेतलेत."

"चित्रातला माणूस हात मागे कसा घेईल, बाई?"

"तेच चितारी म्हणतो, मी असं काढलंच नाही." बाईंनी आवाज आणखी खाली आणला. "मागे काय धरलंय ते दिसत नाही. पण बाह्या ताणल्यात गं... काहीतरी सुटायला बघतंय, आणि ते सोडत नाहीत."

इस्त्रीवालीने आपल्या धरलेल्या मनगटाकडे बघितलं आणि हिसका द्यायचं थांबवलं. अगदी हलायचंच थांबवलं.

बाहेरून बाईंनी विचारलं, "आत... तू एकटीच आहेस ना?"