मुकी झालेली फटफटी

“धर! घट्ट धर, अंजे! सुटलं तं सारं बोंबललं!”

आदर्श जमिनीवर उताणा पडून ओरडत होता. नाकावर काजळी, कोपराला ग्रीस आणि ओठांत नट धरलेला. अंजूनं सायकल दोन्ही हातांनी दाबून धरली होती. रिंकू पान्हा घेऊन उभी होती आणि दर मिनिटाला विचारत होती, “झालं का? आता झालं का?”

सायकल होती अंजूच्या वडिलांची, उत्तमरावांची. साधीसुधी नाही हं! फवारणीच्या जुन्या पंपाचं पेट्रोल इंजिन त्यांनी स्वतः तिच्यावर बसवलं होतं. मागे दोन कॅरेट बांधून ते रोज मळ्यातली भेंडी, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, शेलूबाजारात नेत आणि संध्याकाळी रिकामी कॅरेट घेऊन परत येत. गाडीला दिवा नव्हता. त्यामुळे हिवाळा असो की उन्हाळा, ऊन कलू लागलं की ते बाजारातून निघत आणि अंधाराच्या आत घर गाठत.

आणि आवाज? अरे बापरे! सायलेन्सर केव्हाच गळून पडला होता. घरी जायचा रस्ता बाजारामागच्या गल्लीतून. फाट्-फाट्-फाट् करत गाडी तिथे शिरली की कुत्री ओट्याखाली पळत आणि लेकरं कानांत बोटं घालत. गल्लीच्या तोंडाशी रिंकूच्या पप्पांचं, म्हणजे शिखरचंद शेठजींचं किराणा दुकान होतं. एक दिवस ते गल्ल्यावरून उठून रस्त्यातच आडवे उभे राहिले.

“उत्तमराव, ही तोफ उद्यापासून इथून न्यायची नाही! फोनवर काही ऐकू येत नाही मले. आवाज बंद करा, नाही तं हायवेनं जा!”

हायवेनं! दिवा नसलेली सायकल आणि मागून धाडधाड येणारे ट्रक! मागच्याच वर्षी एका दूधवाल्याला तिथे ट्रकनं उडवलं होतं. अंजूला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही.

“टेन्शन कायले घेतं?” तिचा मावसभाऊ आदर्श म्हणाला. तो अकोल्याहून सुट्टीत आला होता आणि आठवीत गेल्यापासून स्वतःला अर्धा इंजिनिअर समजत होता. “आपण सायलेन्सर बनवू. एका नळीले भोकं पाडायची, तिच्यावर दुसरी मोठी नळी चढवायची आन् मधात तारेच्या घासण्या ठासायच्या. आवाज त्यातच जिरते!”

रिंकूनं दुकानातून भांडी घासायच्या तारेच्या डझनभर घासण्या आणल्या. हापशीच्या पाईपाचा तुकडा भंगारात मिळाला आणि वेल्डिंगवाल्या भाऊसिंगकाकांनी हसत हसत टाके मारून दिले. पहिल्या खेपेला आदर्शनं घासण्या इतक्या गच्च ठासल्या, की गाडी दोनदा खोकली आणि बंदच पडली. “धुराले बाहेर पडाले जागा तं पाहिजे ना, शहाण्या!” अंजू म्हणाली. मग आणखी भोकं पाडली, निम्म्या घासण्या काढल्या.

“मार किक... म्हणजे पायडल!”

उत्तमरावांनी पायडल मारलं. गाडी निघाली. फुस्... फुस्... फुस्... बस! बांधावरची बकरीसुद्धा मान वर करेना!

“जमलं!” तिघांनी एकच ओरडा केला. गाडीपेक्षा त्यांचाच आवाज मोठा झाला. दुसऱ्या दिवशी शेठजींनी पोरांना कुल्फी खाऊ घातली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, “पाहा, याले म्हणतात डोकं!” अंजूला आपल्या दोन हातांचा असा अभिमान कधी वाटला नव्हता. तो अभिमान आठवला की तिला आजही लाज वाटते.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी रिंकू हिरमुसली होऊन मळ्यात आली.

“दादी एकदम बारीक होऊन राह्यली. संध्याकाळचा डब्बा तसाच्या तसा राह्यते. पप्पाले सांगितलं तं म्हणे, उन्हाळ्यात भूक मरतेच म्हाताऱ्या माणसाची.”

रिंकूची दादी म्हणजे गुलाबबाई. त्याच गल्लीत, जैन मंदिराला लागून दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. काचबिंदूनं नजर पार गेलेली. शेठजींचं बिऱ्हाड हायवेला, त्यांच्या गोदामाच्या वर होतं, पण गुलाबबाई तिथे जायला तयार नव्हत्या. “मंदिराची घंटी ऐकू येते, मले इथंच राहू द्या,” त्यांचं एकच म्हणणं. जेवण घरून डब्यात यायचं. तो रामीबाई आणायची.

“रामीबाई!” आदर्शनं चुटकी वाजवली. “तीच काही गडबड करत असंन. धरू तिले!”

आणि खरंच, तिघांनी रामीबाईला रस्त्यात अडवलं. आदर्शनं पोलिसासारखं कमरेवर हात ठेवून विचारलं, “दादीच्या डब्ब्याचं काय करता तुमी?”

रामीबाई बघतच राहिली. “सकाळी भरलेला भेटते बाबू, तो गाईले घालते मी. पंधरा वर्सं झाली डब्बा नेऊन राह्यली. असं मले कोणी नाही इचारलं.” तिनं पदरानं डोळे पुसले आणि निघून गेली. तिची माफी मागायला हवी होती. ती तिघांपैकी कोणीच मागितली नाही.

“आता आपणच पाहू,” अंजू म्हणाली.

त्या संध्याकाळी तिघे गुलाबबाईंच्या खिडकीखाली कडुलिंबाच्या आडोशाला बसले. आत गुलाबबाई पाटावर बसल्या होत्या. समोर बंद डबा आणि पाण्याचा लोटा. हातात जपमाळ, पण कान गल्लीकडे लागलेले. मधूनच माळ थांबे, मान वळे, पुन्हा माळ सुरू होई.

“वाट पाहून राह्यली दादी,” रिंकू कुजबुजली. “कोणाची?”

इतक्यात उत्तमराव गल्लीतून गेले. फुस्... फुस्... फुस्... पोरांना ते दिसले. गुलाबबाईंची माळ चालूच राहिली.

ऊन भिंतीवरून सरकलं, छपरावर गेलं, नाहीसं झालं. मंदिरात आरतीची घंटा वाजली. गुलाबबाई दचकल्या. त्यांनी डब्याला हात जोडले आणि तो न उघडताच बाजूला सारला. पाण्याचा लोटाही!

अंजूला राहवलं नाही. ती धावत आत गेली. “आजी, जेवा ना! काहून नाही जेवत तुमी?”

“कोण, अंजू? आता कसं बेटा! दिवस मावळला. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही, असा नेम आहे माझा.” त्या थकून हसल्या. “मले काही दिसत नाही. पण तुझ्या बाबाची फटफटी गेली, की समजायचं, दिवस बुडाले अर्धा तास आहे. हिवाळा-उन्हाळा, कधी चुकली नाही. घड्याळाले काय समजते सूर्याचं! मी तोवर थांबते, कारण जेवलं की पाणीही सोडायचं; लवकर सोडलं तं या दिवसांत रात निघत नाही. अंजू, बाबा बिमार आहे का गं? इतके दिवस झाले, गाडी गेली नाही त्याची. रोज वाटते, आज येईन.”

अंजूनं दाराकडे पाहिलं. दारात आदर्श आणि रिंकू मान खाली घालून उभे होते. दिवसभर चोर शोधत फिरले, आणि चोर हेच तिघे!

“बाबा... बरे आहेत, आजी,” अंजू कशीबशी म्हणाली.

“मंग बरं झालं. अन् शिखरले सांगू नको बाई, मी जेवली नाही म्हणून. तो मले हायवेवरच्या घरी घेऊन जाईन.”

बाहेर येताच रिंकू रडायला लागली. “पप्पाले सांगू आपण!”

“नको!” अंजू जवळजवळ ओरडलीच. “सायलेन्सर काढला तं आवाज पुन्हा होईन, अन् बाबाले हायवेनं जा लागंन!”

“उद्या मी मोठी घंटी बसवतो सायकलले,” आदर्श म्हणाला. “दादीच्या दारात वाजवायची. कोणाले सांगायची गरजच नाही. एका दिवसानं काय होते?”

एका दिवसानं काय होतं! दुसऱ्या दिवशी चौदस होती. चौदशीला गुलाबबाई दिवसभर उपास करत. आदल्या दुपारपासून पोटात काही नाही आणि वर मे महिन्याचं वाशीमचं ऊन. रिंकूला चौदस माहीत होती. पण रडण्याच्या भरात तिला आठवलीच नाही.

दुपारी आदर्श आणि अंजू घंटी घेऊन बाजारातून येत होते, तर गल्लीत गर्दी. गुलाबबाई चक्कर येऊन उंबऱ्यात पडल्या होत्या. रामीबाईच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं आणि शेठजी गाडीसाठी ओरडत होते. अंजूच्या हातातली घंटी खाली पडली आणि टणटणत गेली.

“आमच्यानं झालं!” ती सगळ्यांसमोर म्हणाली. रडत, अडखळत तिनं सगळं सांगितलं. गाडीचा आवाज, जेवणाची वेळ, कालची संध्याकाळ, सगळं. आदर्शही पुढे आला. “उद्यावर मी टाकलं होतं, काका. तिचं नाही चुकलं.”

शेठजींनी आईला गाडीत ठेवून दार लावलं आणि मग हळूच म्हणाले, “आवाज बंद कर म्हणून मीच बोललो होतो.”

वाशीमला दोन दिवस सलाईन लागलं. गुलाबबाई वाचल्या. डॉक्टरांनी पोरांचं कौतुक केलं, की कारण नेमकं समजलं म्हणून उपचार लवकर झाले. शेठजींनी दुकानात सगळ्यांदेखत तिघांच्या पाठीवर हात ठेवला. “खरं बोलायले हिंमत लागते. शाबास!” उत्तमरावही म्हणाले, “शाबास, पोरी.” इतके शाबास! पण अंजूला त्यातला एकही घेववेना. तिनं आधी रामीबाईचं घर गाठलं आणि माफी मागितली. रामीबाईनं तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले.

पण गुलाबबाई गल्लीत परत आल्या नाहीत. आता शेठजी कोणाचं ऐकणार नव्हते. मंदिराजवळच्या घराला कुलूप लागलं आणि त्या हायवेवरच्या वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. तिथे रात्रंदिवस ट्रकची घरघर! मंदिराची घंटा नाही, काही नाही.

“आज सायलेन्सर काढा, बाबा,” अंजू म्हणाली. “एक दिवस. आजीच्या घराखालून न्या.”

शेठजी म्हणाले, “काढा. वाजवा पाहिजे तेवढं!”

संध्याकाळी अंजू गॅलरीत गुलाबबाईंच्या शेजारी जाऊन बसली. “आजी, आज बाबाची फटफटी येणार आहे. पहिल्यासारखी!”

गुलाबबाईंचा चेहरा उजळला. त्या कान देऊन बसल्या. हळदीची पोती लादलेला एक ट्रक गेला. मग दुसरा. मग एसटी.

“आला!” गुलाबबाईंनी अंजूचा हात दाबला. “आला पाहा उत्तमराव! ऐकली मी!”

अंजूनं खाली वाकून पाहिलं. बाबा अजून पार बाजाराच्या कोपऱ्यावर पायडल मारत होते. गाडी सुरूसुद्धा झाली नव्हती. आपल्याला बरं वाटावं म्हणून आजी असं म्हणाल्या, हे तिला समजलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“हो आजी. आले बाबा. समोरच्या पाण्याच्या टाकीवर ऊन आहे अजून. जेवून घ्या.”

गुलाबबाई जेवल्या. शेवटी लोटाभर पाणी प्यायल्या. तेवढ्यात उत्तमराव खालून गेले आणि वर पाहून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा हलवला. गाडी फाट्-फाट् करत असणार. अंजूला डोळ्यांनी दिसत होती, तरी ट्रकांच्या गोंगाटात ऐकू आली नाही. तिनं दोघींच्या वतीनं हात हलवला.

सुट्टी संपली, आदर्श अकोल्याला गेला, शाळा सुरू झाली. अंजू मात्र शाळा सुटल्यावर बाजारात येते आणि बाबांसोबत घरी निघायच्या आधी रोज आजींचा जिना चढते. टाकीवरचं ऊन बघते आणि सांगते, “आजी, वेळ झाली.”

“हो, आत्ताच तं गेली फटफटी,” गुलाबबाई रोज म्हणतात.

“गेली ना, आजी,” अंजू म्हणते आणि डबा उघडून देते.