दुसरी ओळ

पटलं तर ठीक, नाही पटलं तर सोडून द्या. पण यात मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

१३ फेब्रुवारी २०२४. मंगळवार. दुपारचे सव्वातीन. साकीनाक्याच्या एका गाळ्यात, भर उजेडात घडलं हे.

मी अक्षता. कांजूरमार्गला एकटीच राहते. माझी आई, मालन, कोकणातली. जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत जातं कधीच नव्हतं. तरी ओवी म्हणताना तिचा उजवा हात फरशीवर गोल फिरत राहायचा.

तिच्या शेवटच्या वर्षी मी फोनवर अडतीस ओव्या रेकॉर्ड केल्या.

सगळ्या अर्ध्या.

जात्याला दोघी बसतात. एकीनं पहिली ओळ म्हणायची, समोरचीनं उचलून ती पुरी करायची. आई पहिली ओळ म्हणायची आणि थांबायची…

"गो, एकटीन जाता ओढूक जमता काय? दुसरी ओळ तू म्हण."

"मला कुठे येतात गं? तूच म्हण ना दोन्ही."

"ती माझी ओळ न्हय. तू बस तरी. बसलंस की सुचतली."

मी हसले. नंतर विचारून लिहून घेऊ, म्हटलं.

ते नंतर आलंच नाही.

फोन भरला म्हणून ओव्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकल्या, फोनमधून पुसल्या. दुसरी कॉपी नव्हती. आई गेल्यावर दोन वर्षं ती डिस्क लावायची हिंमत झाली नाही. लावली तेव्हा आतून आवाज आला…

टक्. टक्. टक्.

साकीनाक्याचा निलेश बंद पडलेल्या डिस्कमधून फाइली काढून देतो. त्यानं ती कानाला लावली.

"ताई, कितीदा लावून बघितली?"

"सात-आठदा."

"वाट लावलीत ना! असा आवाज आला की पहिलं उपटून ठेवायचं. आत घासतंय. आता एकदाच वाचेल… वाचली तर. काय आहे यात? लग्नाचे फोटो?"

"आईचा आवाज."

"आणि?"

"आणि काही नाही."

हादरा नको म्हणून त्यानं पंखा बंद केला, डिस्क फोमच्या तुकड्यावर निजवली. सकाळी अकरापासून मी समोरच्या स्टुलावर. पडद्यावर आकडे मुंगीच्या पावलानं सरकत होते. अख्खी दुपार ती टकटक…

सव्वातीनला ती थांबली.

"मेली?" मी विचारलं.

"नाही ना… वाचतेय." निलेशनं डिस्कवर बोट ठेवलं. लगेच उचललं.

"काय झालं?"

"फिरतच नाहीये ही."

पण आकडे पळत होते. सकाळपासून पळाले नव्हते असे. दोन मिनिटांत काम संपलं.

फाइलींची नावं गेली होती, नुसते नंबर उरले होते. मी शेवटचा नंबर पाहिला.

एकोणचाळीस.

त्यानं पहिली लावली. आधी बांगड्या किणकिणल्या. मग आई…

"काळ्या गं दगडाच्या पोटी पांढरं चांदणं…"

माझे डोळे भरले. पुढे ती थांबणार, हे ठाऊक होतं.

ती थांबली.

आणि त्या रिकाम्या जागेत… घरघर सुरू झाली. दगडावर दगड फिरल्यासारखी.

त्यात दुसरा आवाज मिसळला.

"लेकीच्या नावानं माझं दळण-कांडणं…"

निलेश सहज म्हणाला, "आवाज छान आहे ताई तुमचा."

माझाच होता.

मी जन्मात ओवी म्हटलेली नाही. त्या ओळी मला आजही कुणी सांगितलेल्या नाहीत. पण अडतीसच्या अडतीस ओव्या पुऱ्या होत्या. आईची ओळ, माझी ओळ. कुठेही अडखळणं नाही. वर्षानुवर्षं समोरासमोर बसून दळत आल्यासारख्या.

घरी येऊन मी सगळ्या ऐकल्या. खोटं कशाला बोलू, भीती वाटली नाही. कितीतरी दिवसांनी घरात दोघींचा आवाज होता.

मग एकोणचाळिसावी लावली.

तिच्यात आई नाही. बांगड्या नाहीत. नुसती घरघर… आणि पहिली ओळ मी म्हणते.

म्हणून थांबते.

ती फाइल एक तास बावीस मिनिटांची आहे. मी पहिली चाळीस सेकंदं ऐकलीत. त्या चाळीस सेकंदांत कुणी ओळ उचललेली नाही. फक्त जातं फिरतंय, जड, एका हाताचं.

मला मूलबाळ नाही. बहीण नाही. माझ्यासमोर बसणारं कुणीच नाही.

पुढे कुणी ओळ उचलली असेल तर ते कोण, हे ऐकायचा धीर होत नाही.

आणि शेवटपर्यंत कुणीच उचलली नसेल… तर ते ऐकायचा तर मुळीच नाही.