पॅरिसची कमान, वळचा मांडव

राजाचं डोकं घरंगळत माझ्या पायाशी आलं.

थर्माकोलचं. मागोमाग एक तरुण धावत आला — केसांत, भुवयांत पांढरे कण. "उचलू नका, मॅडम... ओलं हाय, रंग लागंल."

तोवर लागला होता.

चुलतबहीण ऋतिकाच्या हळदीसाठी मी चार दिवस आधीच काकांच्या गावी, वळला, आले होते. मांडवाची थर्माकोलची कमान शेजारच्या दापोडे गावचा हा कारागीर, दीपेश, करत होता. समोर नमुना म्हणून कॅलेंडरवरचं चित्र टांगलेलं — पॅरिसमधली जुनी विजयकमान. चौदाव्या लुई राजाने नदीपलीकडचा मुलूख जिंकला, त्याची आठवण. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. दुपारी सावलीत बसून कमानीचा भार कुठे येतो ते त्याला सांगू लागले. तो ऐकायचा कमी, बघायचा जास्त. हवेत पांढरे कण तरंगत राहायचे, खाली बसायला विसरल्यासारखे.

"राजाने आपली खाडी पण जिंकली वाटतं?" कोरलेल्या नदीत मला होडी आणि जाळं दिसलं.

"मग! मी पाहिलंय तेवढंच पानी. सगळीकडं सारखंच ना?"

"नाही. घनता वेगळी असते."

तो हसला... आणि मी पुढचं वाक्य विसरले.

हळदीच्या दुपारी कमान उभी राहिली. चित्रात पायथ्याशी हरलेला देश म्हणून एक बाई बसली आहे, मान खाली घालून. दीपेशच्या बाईची मान ताठ होती. आणि तिला चष्मा होता — माझा, डावीकडे जरा कललेला.

"हे काय? थोड्या वेळात मला बघायला पाहुणे येणार आहेत. याच कमानीतून."

त्याचा चेहरा उतरला. "मला कोनी सांगितलं न्हाय..." मुकाट्याने कटर उचलून त्याने बाईच्या डोळ्यांपाशी नेला. हात थांबला. "विनिता... ही हरलेली न्हाय. हरलेला त्या बाजूला बसलाय."

दुसऱ्या पायथ्याशी एक पुरुष होता. त्याच्या भुवया रंगवायच्या सोडून पांढऱ्याच ठेवलेल्या.

आतून आईची हाक आली, "विने, साडी नेस गो! पाहुणे नाक्यावर पोचले!"

मी त्याच्या हातातून कटर काढून घेतला. बोटं गार होती. त्याची की माझी, सांगता येईना.

"आई," मी तिथूनच ओरडले, "त्यांना पोटभर जेवू घाल. पण मला बघायचं... ते राहू दे."

"का गो?"

सगळा मांडव आमच्याकडे बघत होता. हळद कालवणाऱ्या बायकांचे हात थांबले होते.

"माझं ठरलंय," मी म्हणाले.