मावशींचं उशिरा येणारं आमेन

ऑर्गनखालून दोन पाय बाहेर आलेले पाहून ती किंचाळलीच.

"अहो, जिवंत आहे मी!" पायांचा मालक सरपटत बाहेर आला. केसांत भुसा, हातात पटाशी. "पेडल अडकत होतं. वाजवणाऱ्या तुम्हीच ना? उजवीकडच्या?"

"आणि तुम्ही डावीकडचे सुतार," ती फणकारली. पण बघत राहिली. मेला हसतो किती छान...

तर, त्या चर्चमध्ये डावं-उजवं होतं. गाणं शिकवणाऱ्या मावशी वारल्या आणि त्यांची जागा कोणाला, यावरून मंडळी दुभंगली. मावशींचा मधला बाक रिकामा सोडून सगळे दोन्हीकडे बसत. एका बाजूने प्रार्थना केली की दुसरी तोंडात मिठाची गुळणी धरून बसे. आमेन म्हणायचंच नाही! उद्याच्या उपासनेत तर उजवीकडचे कायमचे वेगळे होणार होते, आणि त्यांचे पुढारी होते तिचे बाबा.

"म्हणजे उद्यापासून दिसणार नाही तुम्ही," तो म्हणाला. "पेडल उगाच दुरुस्त केलं."

"का? दुसरी कोणी वाजवेल."

"दुसरीसाठी ढोपरं फोडून घेतली नसती."

तिचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "देवा, याला थोडी अक्कल दे."

"...आमेन."

आवाज त्याचा नव्हता. मधल्या बाकावरून आला होता, थकलेला, लांबवलेला. मावशींना कमी ऐकू यायचं. त्यांचं आमेन नेहमी असंच सगळ्यांच्या मागून यायचं. बाकावर कोणी नव्हतं. उशी मात्र कोणी बसल्यासारखी दबली होती.

"तुलाही ऐकू येतं?" तो कुजबुजला. अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं.

"दर रविवारी... मला वाटायचं, मलाच वेड लागलंय."

दुसऱ्या दिवशी बाबा उभे राहिले. "प्रभू, आम्हांला यांच्यापासून वेगळं कर."

"आमेन," उजवी बाजू म्हणाली. मग सगळे थांबले, कान देऊन. मधल्या बाकावरून काहीच आलं नाही.

"मावशी गप्प का?" बाबाच पुटपुटले, आणि पांढरेफटक पडले. डावीकडे एक म्हातारी रडू लागली. अरे देवा, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू येत होतं, आणि एकाचीही बोलायची छाती झाली नव्हती!

तेवढ्यात सुतार उठला. "प्रभू... आम्हांला एकत्र ठेव."

तिने बाबांकडे पाहिलं. आता गप्प बसले तर हा हातचा गेला. "आमेन!" ती म्हणाली, एकटीच.

बाबांचे ओठ हलले. मग उजवीकडचे, मग डावीकडचे, सगळेच म्हणाले. आणि सगळ्यांच्या मागून, उशिरा, मधल्या बाकावरून तो आवाज आला. अंगावर सर्रकन काटा आला, पण जागचं कोणी हललं नाही. वेगळं व्हायचं नावही पुन्हा कोणी काढलं नाही.

चर्च रिकामं झाल्यावर तो ऑर्गनशी रेंगाळला. "अजून एक प्रार्थना आहे. आमेन म्हणशील?"

"आधी ऐकव तर!"

तो तिच्या कानाशी वाकला. ऐकून ती लाजून चूर झाली. "इश्श... असं लगेच कसं..."

"आमेन," मधल्या बाकावरून आलं. चांगलं ठणठणीत.

दोघंही दचकले, मग खुदकन हसले. तिने हळूच त्याच्या केसांतला भुसा झटकला.

"आमेन," ती म्हणाली. आज उशीर तिला झाला होता.