शंभरापैकी ब्याण्णव

"माझ्या वडिलांचा एक डोळा गेला. आता नोकरीही जाणार आहे," मुलगी म्हणाली. "डोळ्याचं डॉक्टरांनी बघितलं. नोकरीचं तुम्ही बघा."

वहिनींनी तिला बसायला खुर्ची दिली. विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे उघडे पाडून त्यांनी ही तपास-कचेरी काढली होती. भावजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, निवृत्त झाल्यापासून इथे टिपणं घ्यायचे. टिपणं सुवाच्य असत. त्यांचा अर्थ लावायचं काम वहिनींकडे होतं, आणि या वाटणीबद्दल भावजींची काही तक्रार नव्हती.

मुलीचे वडील शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. सगळी शाळा त्यांना लॅबमामा म्हणे. मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर तिथे वापरलेल्या स्पिरिटची बाटली फुटली. त्या बाटलीत कोणीतरी नायट्रिक ॲसिड ओतलं होतं. शाळेनं ठरवलं, मामांनीच ओतलं. समितीची बैठक उद्या होती.

"ते स्वतः काय म्हणतात?"

"म्हणतात, माझ्याकडूनच झालं असेल." मुलीचा आवाज चढला. "असेल म्हणजे काय? सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून साधी परीक्षानळी फुटली नाही."

"घरी कसे असतात? काही बदल?"

"महिनाभर जरा विचित्र वागतायत. दूध नासलंय का बघायचं, तर पातेलं हातभर लांब धरतात आणि हातानं वारा घेतल्यासारखा वास नाकाकडे ओढतात. आई म्हणते, दूध नासलंय की नवरा?"

भावजी हसले. त्यांनी हे लिहून घेतलं आणि पुढे कंसात 'असंबद्ध' असा शेरा मारला.

मुख्याध्यापकांनी स्वतः प्रयोगशाळा दाखवली. दारासमोरच भिंतीवर दोन चौकटी होत्या. रासायनिक धोक्यांपासून सुरक्षितता या विषयाचं शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केल्याची ती प्रमाणपत्रं होती. एक जीवशास्त्राच्या बाईंचं, तारीख गेल्या महिन्याची सात, गुण चौसष्ट. दुसरं रसायनाच्या सरांचं, तारीख चौदा, शंभरापैकी ब्याण्णव. खाली काचेच्या कपाटात प्रशिक्षणात मिळालेला संरक्षक चष्मा कुलपात ठेवला होता.

"कुलपात का?" वहिनींनी विचारलं.

"वापरला तर ओरखडे पडतात," मुख्याध्यापक म्हणाले.

बाटली फुटली होती ती मात्र टेबलाखालच्या तिच्या जागी नाही. कोपऱ्यात विषारी धूर बाहेर ओढणारं कपाट होतं, त्याच्या आत. कपाटाचा काचेचा पडदा अर्ध्यावर अडकला होता. तो दुरुस्त करा म्हणून तीन अर्ज गेले होते आणि तिन्ही नीट जपून ठेवले होते.

"मामांनी मुलांवर ओरडून त्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली," मुख्याध्यापक म्हणाले. "लपवायचं काही नसेल तर माणूस कडी कशाला लावेल? शिवाय दांड्या मारायची सवय. हे बघा."

प्रयोगवहीत सरांच्या वळणदार अक्षरात नोंद होती: 'तारीख चौदा. नववी. मामा गैरहजर, प्रयोग रद्द. फळ्यावर शिकवले.'

मामा दांडीबहाद्दर आहेत हे भावजींना पटलं. त्यांना थोडं वाईटही वाटलं.

वहिनींनी फळीच्या भिंतीवर बोट वाजवलं. पलीकडून तीसेक मुलांचा पाढ्यांचा गलका ऐकू आला.

"पाचवीचा वर्ग," मुख्याध्यापक म्हणाले. "जागा कमी आहे."

आधी जीवशास्त्राच्या बाई आल्या. वहिनींनी पर्समधून एक लहान बाटली काढली. "ही जरा ओळखाल का?"

बाईंनी बाटली छातीपासून लांब धरली, झाकण सैल केलं, तिच्या तोंडावरून तळहातानं वारा घेतला. "व्हिनेगर."

"मंगळवारी सकाळी इथे कोणाचा तास होता?"

"पहिला सरांचा. दहावीला ॲसिडमध्ये तांब्याचा तुकडा विरघळवून दाखवतात दरवर्षी. तांबूस धूर निघतो, पोरं टाळ्या वाजवतात." त्या थांबल्या. "पुढे सुट्टीपर्यंत कोणीच नव्हतं. मामा बाजूच्या इमारतीत परीक्षेची बाकं लावत होते."

"चौदा तारखेला सर कुठे होते?"

बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. "प्रशिक्षणाला. प्रमाणपत्र आहे ना."

मग सर आले. पन्नाशीचे, आवाज बसलेला, डोळ्यांखाली तीन रात्रींचं जागरण साचलेलं. वहिनींनी बाटली पुढे केली. त्यांनी झाकण काढून ती थेट नाकाला लावली, ठसका आला, डोळ्यांत पाणी आलं.

"व्हिनेगर!" त्यांनी झाकण पिळून बसवलं.

"तास संपल्यावर उरलेलं ॲसिड कुठे ठेवलंत?"

"सगळं आवरून गेलो मी. प्रत्येक झाकण घट्ट. सांडासांड मला चालत नाही."

बाहेर आल्यावर वहिनींनी बाटली भावजींना दिली. "उघडा बघू."

भावजींनी दोन्ही हात लावले, रुमाल लावला, शेवटी दातही लावणार होते.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "कवळी नवीन आहे. चला आत, सगळ्यांना बसवा."

पाचही जण प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलांवर बसले.

"हे काम मामांचं नाही," वहिनींनी सुरुवात केली. "न शिकलेल्या माणसानं फसफसणारी बाटली पाहिली असती तर तो पळाला असता, नाहीतर झाकण उघडायला गेला असता. मामांनी आधी मुलं बाहेर काढली. कडी लावली ती मुलांनी परत आत येऊ नये म्हणून. मग बाटली त्या कपाटात ठेवून पडदा ओढला. बाई, तुम्हाला काय शिकवलं होतं?"

"मुलांना बाहेर काढा आणि स्वतःही बाहेर पडा. बाटलीला हात लावू नका."

"दुसरी गोष्ट मामांना पाळता आली नाही. टेबलामागे फळी, फळीमागे पाचवीचा वर्ग. पडदा पूर्ण खाली आला असता तर कदाचित डोळा वाचला असता."

मुख्याध्यापक गोंधळले. "पण मामांना हे शिकवलं कोणी?"

"ज्यांनी बाईंना शिकवलं त्यांनीच. भावजी, घरी मामा दुधाचा वास कसा घेतात?"

भावजींनी वही चाळली. 'असंबद्ध' शब्दावर त्यांनी हळूच अंगठा ठेवला. "लांबून. हातानं वारा घेत."

"बाईंसारखा. आणि ब्याण्णव गुणवाले सर बाटली नाकाला लावतात. चौदा तारखेला सर प्रशिक्षणाला होते, असं भिंत म्हणते. सर नववीला फळ्यावर शिकवत होते आणि मामा गैरहजर होते, असं सरांचंच अक्षर म्हणतं. तुमच्या जागी मामा गेले होते, सर. उरलेलं ॲसिड तुम्ही स्पिरिटच्या बाटलीत ओतलंत आणि सवयीनं झाकण पिळलंत. आत वायू साचत गेला."

पलीकडे तेराचा पाढा चालू होता.

"अभ्यासक्रम मागे पडला होता," सर म्हणाले. "मी म्हटलं, मामा, नाव पुकारलं की हजर म्हणा, सही करा, जेवण करून या. ते परत आले ते लहान मुलासारखे. 'सर, पंधरा मिनिटं द्या, सगळं सांगतो.' मी म्हटलं, मामा, तुम्ही मला रसायन शिकवणार?" त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "रोज विचारायचे. मग विचारायचे बंद झाले."

"मला माहीत होतं," बाई खाली बघत म्हणाल्या. "सर त्या दिवशी शाळेतच होते. शाळेत कोणी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही."

"मामा गप्प का राहिले?" भावजींनी विचारलं.

"बोलले असते तर सरांचं नाव गेलं असतं," वहिनी म्हणाल्या, "आणि दुसऱ्याच्या नावानं सही केली म्हणून स्वतःची नोकरीही. आता ती वाचवायची तर सरांनीच लिहून द्यावं लागेल की मी पाठवलं."

मुख्याध्यापक घसा खाकरून म्हणाले, "शाळेचा उल्लेख जरा सौम्य शब्दांत..."

सरांनी भावजींकडे कागद मागितला. दोन्ही बाजू भरेपर्यंत लिहिलं आणि सौम्य शब्द एकही वापरला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीनं मामांची नोकरी कायम ठेवली आणि सरांना घरी बसवलं. निकाल सांगायला सर स्वतः दवाखान्यात गेले. मुलीनं वहिनी-भावजींनाही बोलावलं होतं. सर खाटेच्या डाव्या बाजूला बसून बराच वेळ बोलले. मामांचं तोंड दुसरीकडेच होतं. भावजींना वाटलं, राग आहे, आणि रास्त आहे.

बोलणं संपल्यावर मामा म्हणाले, "सर, या बाजूला येऊन बसा. तिकडचं मला दिसत नाही."

सर उठले. खाटेला वळसा घालायला चारच पावलं होती. त्यांना ती जमेनात, तेव्हा मुलीनं हाताला धरून नेलं.