हँडब्रेकवाली गाडी

"साहेब मागून येतायत का?"

शोरूमचं काचेचं दार ढकलून मी आत पाऊल टाकलं, आणि हे पहिलं वाक्य कानावर पडलं. विचारणारा उंच, गळ्यात निळा टाय, चेहऱ्यावर शिकवून ठेवलेलं हसू. खरं तर तेव्हा दुसऱ्याच विक्रेत्याची पाळी होती. तो जेवायला गेला होता, म्हणून हा टायवाला माझ्या वाट्याला आला.

"कोण साहेब?" मी विचारलं.

"म्हणजे… गाडी चालवणारे."

"चालवणारे पुष्कळ आहेत. सगळे माझ्याच हाताखाली शिकून गेलेत."

त्याचे कान लाल झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

आमचं ड्रायव्हिंग स्कूल बाबांनी काढलेलं. त्यांचे गुडघे कुरकुर करायला लागले आणि सगळा कारभार माझ्याकडे आला. शिकवण्यात मी कुणाला हार जाणारी नाही, हे मी छाती ठोकून सांगते. पण कोपऱ्यावर नवीन स्कूल निघालं, त्यांच्या दारात चकचकीत गाडी उभी राहिली आणि आमच्याकडचे लोक तिकडे वळायला लागले. आमची गाडी तर रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त असायची. नवी गाडी निवडायचं काम बाबांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवलं होतं. ही निवड चुकली असती, तर बाबांनी उभं केलेलं स्कूल माझ्या हातून बसलं असतं.

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी होत्या. एक नव्या रूपातली — बारीक डोळ्यांचे दिवे, आत भला मोठा पडदा, बटणं जवळजवळ नाहीतच. दुसरी तिचंच जुनं रूप. ते आता बंद होणार होतं आणि ही त्यातली शेवटची गाडी. तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मीसुद्धा नव्या गाडीवरच भाळले. आतला तो कोरा वास… दार लावल्याचा तो मऊ आवाज…

"चालवून बघा ना, मॅडम," त्यानं किल्ली पुढे केली.

"तुम्ही चालवा," मी म्हटलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "माझं आयुष्य इथेच जातं."

तो एका हातानं स्टिअरिंग फिरवत निघाला.

"दोन्ही हात," मी म्हटलं.

"मॅडम, मी गिऱ्हाईक नाहीये…"

"दोन्ही हात!"

त्यानं निमूटपणे दुसरा हात वर आणला. पुढे एक सायकलवाला आडवा आला आणि माझा पाय धाडकन खाली आपटला. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक बसवलेला असतो.

"तिकडे ब्रेक नाहीये," तो हसू दाबत म्हणाला.

"मला माहीत आहे. पायाला माहीत नाही."

आता मात्र तो मोकळेपणानं हसला. शिकवलेलं हसू नव्हतं ते. उगाच खिडकीबाहेर बघावं लागलं मला.

उड्डाणपुलाच्या चढावर त्यानं गाडी थांबवली आणि दोन्ही हात सोडून दिले. "बघा! आपोआप धरून ठेवते. मागे सरकायचं नाव नाही. हँडब्रेकचा दांडाच काढून टाकलाय. इथे, माझ्या दाराशी, एक बटण दिलंय फक्त."

"मग मी काय धरू?"

"तुम्ही… का धरायचं?"

"परत फिरा," मी म्हटलं. "आणि ती जुनी काढा."

बिचारा परतला, जुनी गाडी घेऊन त्याच चढावर आला आणि थांबला. मी हँडब्रेक ओढला.

"शिकणारी बाई इथे घाबरते," मी सांगू लागले. "मागे ट्रक, हॉर्न, पाय थरथरतात. तेव्हा मी तिचा हात या दांड्यावर ठेवते, वर माझा ठेवते, आणि… क्लच हळूहळू सोडा… इंजिनाचा आवाज जड झाला?… आता दांडा खाली."

गाडी अलगद वर निघाली. आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्या हाताखाली त्याचा हात आहे. सवयीनं ठेवला गेला होता!

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "मला येतं चालवायला."

"माहीत आहे," मी म्हटलं. हात काढायला मात्र थोडा उशीरच केला. का, ते विचारू नका.

परत आल्यावर मी त्याला सरळ विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असतात, तर कुठली घेतली असती?"

"विक्रेता म्हणून विचारताय, की…"

"माणूस म्हणून."

त्यानं मॅनेजरच्या केबिनकडे एकदा पाहिलं. टाय जरा सैल केला. "जुनी," तो म्हणाला. "पण उद्या दुपारी एक जण ती बघायला येणार आहेत. त्याआधी या."

घरी बाबांना सांगितलं तर ते उसळलेच. "बंद पडणारं मॉडेल? लोक हसतील आपल्याला! आणि तुझ्या पायाशी ब्रेक असतोच की."

"मी ब्रेक दाबला तर गाडी मी वाचवली, बाबा. शिकणारीनं दांडा सोडला तर तिनं स्वतः चढवली. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

बाबांना काही पटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूममध्ये शिरताच ते थेट नव्या गाडीभोवती फिरू लागले.

"ही घेऊ. दारात शोभेल," ते म्हणाले.

टायवाला मध्ये उभा. दोघांचे डोळे माझ्यावर. पण शिकवायचं मला होतं, बाबांना नाही आणि दारालाही नाही.

"मी जुनी घेतेय," मी म्हटलं.

बाबांचा चेहरा पडला. "तू ठरवलंस, आता मी काय बोलू? पण निदान या नव्या गाडीतून एक चक्कर तरी मारू दे." ते शेजारच्या सीटवर बसले, टायवाला चालवायला आणि मी मागे. पुलाच्या चढावर त्यानं गाडी थांबवली. मागून एका ट्रकनं जोरात हॉर्न मारला आणि बाबांचा हात वीज चमकावी तसा दोन सीटच्या मध्ये गेला… तो थेट कप ठेवायच्या खळग्यात!

बाबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग असे हसले, की गाडी हलली.

"माझा हात तुझ्या बाजूनं बोलतोय गं," ते म्हणाले. "बरोबर आहेस तू. अगदी बरोबर!"

इतकी ताठ मी आयुष्यात कधी बसले नसेन.

कागदांवर सह्या करताना मॅनेजर धुसफुसत होते. "नवं मॉडेल एका स्कूलला गेलं असतं, तर याला आमची दुसऱ्या गावातली शाखा सांभाळायला मिळणार होती. आणि यानंच जुनी सुचवली!"

मी बाहेर आले. तो माझ्या गाडीची काच पुसत होता. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होता.

"शाखेचं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही गाडी बघितली असतीत की माझी कीव केली असतीत?" त्यानं मान वर केली. "मी चुकीची गाडी कुणाच्या गळ्यात मारत नाही. तेवढा तोरा मलाही आहे."

मला तो त्या क्षणी फार आवडला. अगदी फार.

"वाईट नाही वाटत?"

"काल सकाळपर्यंत वाटलं असतं. आता त्या गावाला जावंसंच वाटत नाहीये…" फडक्याची घडी घालत तो म्हणाला, "तुम्हाला मॅडम म्हणणं बंद केलं तर चालेल?"

"मग काय म्हणाल?"

"ते ठरवायला रोज थोडं भेटावं लागेल."

"रोज?" मी भुवई उंचावली. "ठीक आहे. पण दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे."

"आणि हँडब्रेकवर?"

"तिथे माझा असेल," मी म्हणून गेले, आणि या वेळी माझे कान तापले.

बंद होणाऱ्या गाडीला फीत नाही, फुगे नाहीत, फोटोही काढत नाहीत म्हणे. बाबा भडकले. रस्त्यावरच्या एका माणसाच्या हातात स्वतःचा फोन देऊन त्यांनी मला गाडीसमोर मधोमध उभं केलं. मग मागे वळून ओरडले, "अहो टायवाले, तुम्ही कुठे निघालात? या की इकडे!"

तो फोटो आता स्कूलच्या भिंतीवर आहे. खालच्या रांगेत चढावर पास झालेल्या बायकांचे फोटो वाढत चाललेत, आणि कोपऱ्यावरच्या स्कूलकडे गेलेली काही मंडळीही इकडे परतली आहेत. नव्यानं आलेला कुणी त्या फोटोपुढे थांबला, की बाबा गुडघे विसरून उठतात.

"गाडी आणि जावई," ते ऐटीत सांगतात, "दोन्ही माझ्या मुलीनं एका दमात पसंत केले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!"