एकोणिसाव्या हातानंतरचा श्वास

"पुढचं विसरलात का?"

प्रश्न ओठांवरून निसटून गेल्यावरच रुओलानच्या लक्षात आलं, की तो विचारायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही. कालव्याच्या पश्चिम तीरावर ती आली होती ती केवळ भाल्याची तडकलेली काठी बदलून घ्यायला. सुतार म्हणाला, 'तासाभराने या'. आणि तो तास कुठेतरी घालवायचा म्हणून ती जुन्या धान्यकोठारामागच्या फरसबंदीपाशी येऊन उभी राहिली होती. एप्रिल सरत आला होता. पॉपलरच्या झाडांचा कापूस हवेत असा तरंगत होता, जणू कुणी आभाळाची जुनी गादी उसवून ठेवली आहे. त्या पांढऱ्या, निरुद्देश भुरभुरीत एक तरुण 'परतणारे रानहंस' हा मुष्टियुद्धाचा फेर करत होता.

तिचा फेर. बत्तीस हातांचा, म्हणजे डावांचा, वयाच्या सहाव्या वर्षापासून तिच्या हाडांत मुरलेला.

आणि एकोणिसाव्या हातानंतर, जिथे दोन्ही पाय जमीन सोडतात, नेमका तिथेच तो थांबला होता. हात अर्धे उघडे, पापण्या किंचित मिटलेल्या... एक श्वास आत, एक बाहेर. मग जणू काहीच घडलं नाही अशा शांतपणे विसावा हात.

बत्तिसावा हात संपवूनच तो वळला.

"विसरलो नाही. तिथे थांबायचंच असतं."

"तिथे उडी असते."

"अच्छा! म्हणजे पूर्वेकडच्या तुम्ही." तो हसला. "आमच्याकडे तुम्हाला टोळ म्हणतात."

"आणि आमच्याकडे तुम्हाला डुलकीवाले."

तो काही बोलणार, एवढ्यात कापसाचा एक तंतू तिच्या नाकाशी आला, आणि तेंग आखाड्याच्या वस्तादांची भाची सलग तीनदा शिंकली.

"वा," तो गंभीरपणे म्हणाला, "शिंकतानाही उडी."

त्याचं नाव मेंग हाइताओ. पश्चिमेच्या मेंग आखाड्याच्या वस्तादांचा नातू. काठी घेऊन पुलावरून परतताना रुओलानला राग यायला हवा होता. आलं मात्र दुसऱ्याच नावाचं काहीतरी. तो श्वास तिला राहून राहून आठवत होता. तिथे काय होतं? तेरा वर्षं ती ज्या जागेवरून उडून पलीकडे जात होती, त्या जागेवर कुणीतरी उभं राहून काय पाहत होतं?

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. या वेळी काठीचं निमित्तही नव्हतं.

हे सोपं नव्हतं. तेंग आखाड्याची प्रमुख म्हणजे तिची आत्या. आई-वडील दूर दक्षिणेत कारखान्यात, म्हणून रुओलान आत्याच्याच हाताखाली वाढलेली. मेच्या अखेरीस, बोरांना मोहर येतो तेव्हा, आत्या वारस निवडणार होती: शिष्याने सर्वांसमक्ष फेर करायचा, गुडघे टेकून चहाचा पेला पुढे धरायचा. वस्तादांनी तो प्यायला, तर आखाडा तुमचा. न प्यायला, तर आयुष्यभर तुम्ही बाहेरच्या अंगणातले. आणि ज्याने स्वतःच्या वस्तादाच्या पत्राशिवाय परक्या आखाड्याचा एक हातही उचलला, त्याचा चहा कुणीच पीत नाही. दोन्ही तीरांवर हा नियम सारखाच होता. कदाचित तेवढाच एक.

"मी शिकायला आले नाही," पहिल्याच सकाळी तिने बजावलं. "फक्त बघणार."

"मी शिकवतच नाही. मी फक्त करतो. तुम्ही तिथे उभ्या आहात, हे मला दिसलेलंच नाही."

"मग बोलताय कुणाशी?"

"कापसाशी."

असं ते सुरू झालं. रोज सकाळी, आखाडे उघडायच्या आधी. तो एक हात करायचा, ती तोच हात तिच्या पद्धतीने करायची. तिची मूठ कमरेशी उताणी, त्याचीही. तिची टाच बाहेर, त्याचीही. मधेच दोघं गाढवाचं मटण भरलेली गरम भाकरी निम्मी निम्मी करून खायची, आणि कुणाच्या तीरावरची जास्त खुसखुशीत यावर भांडायची. बारा दिवसांत हिशेब लागला: एकतीस हात तंतोतंत सारखे. फरक तो एकच.

"तुमच्याकडे काय सांगतात त्या थांब्याबद्दल?" तिने विचारलं.

"चार पानं आहेत हाताने लिहिलेली. 'इथे शिष्याने आकाशाचा श्वास ऐकावा.' आजोबा ती पानं वाचताना डोळे मिटतात. आणि तुमच्याकडे?"

"उडी म्हणजे हंसाने हिवाळा मागे टाकला. आत्या सांगते." ती क्षणभर घुटमळली. "पण हल्ली आत्या उडी नुसती सांगते. दाखवत नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. विचारलं मात्र काही नाही. त्याच्या फेरात होता तसाच एक श्वास त्याच्या बोलण्यातही असायचा. आणि त्या मोकळ्या जागेत रुओलानला स्वतःचंच मन पाण्यात पडलेल्या सावलीसारखं हलताना दिसायचं.

दोन्ही आखाड्यांचे मूळपुरुष एकाच माणसाचे शिष्य, वस्ताद शांग यांचे. त्यांची समाधी गावाबाहेर बोरांच्या बागेत. समाधी झाडायच्या सणाला पूर्वेचे लोक सकाळी जात आणि पश्चिमेचे दुपारी, एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून. तिथला दगड उभा, चौकोनी. पूर्वेच्या बाजूवर पूर्वेच्या शिष्याचं नाव आणि तो शिकायला आला ते वर्ष, पश्चिमेच्या बाजूवर पश्चिमेच्या. शंभर वर्षांत कुणी दगडाला वळसा घालून पलीकडची बाजू वाचलीच नव्हती. वाचणं म्हणजे ती आहे असं मान्य करणं.

"चल," एका सकाळी रुओलान म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं होतं, ते दोघांनाही आठवत नव्हतं. "तू तुझी बाजू मोठ्याने वाच. मी माझी वाचते."

दगडाच्या दोन अंगांना दोघं उभी राहिली. मधे तो थंड, शेवाळलेला दगड.

"आमचा शिष्य," तिने वाचलं, "सम्राट क्वांगशूच्या राजवटीचं चौथं वर्ष."

पलीकडे नखाने शेवाळ खरवडल्याचा आवाज.

"हाइताओ? झोपलास का?"

"प्रजासत्ताकाचं... नववं वर्ष." त्याचा आवाज वेगळाच झाला होता. "रुओलान, मधे बेचाळीस वर्षं आहेत."

दर्शनी बाजूवर शांगबाबांचं जन्मसाल होतं. दोघांनी बोटांवर मोजलं, आणि पुन्हा मोजलं. तिच्या मूळपुरुषाला शिकवलं तेव्हा शांगबाबा एकोणतीस वर्षांचे होते. त्याच्या मूळपुरुषाला शिकवलं तेव्हा एकाहत्तर.

"म्हणजे..." तिला आधी हसू फुटलं. "म्हणजे म्हाताऱ्याला उडी मारताच येत नव्हती! तुमच्या आकाशाचा श्वास म्हणजे... त्याला दम लागला होता!"

ती हसत राहिली आणि मग एकटीच हसत असल्याचं तिला जाणवलं. हाइताओ दगडाला पाठ टेकून बसला होता. बोराच्या नव्या पालवीची कोवळी, फाटकी सावली त्याच्या चेहऱ्यावर हलत होती.

"माझ्या आजोबांनी साठ वर्षं तो दम जपलाय," तो म्हणाला.

"चुकलं माझं." ती त्याच्या शेजारी बसली. खांद्याला खांदा लागला नाही. मधे एक बोटभर अंतर उरलं, आणि त्या बोटभर अंतरात सबंध बाग येऊन बसली.

बऱ्याच वेळाने तो उठला. "ये माझ्यावर धावून. एकोणिसावा हात."

"का?"

"ये तर. टोळ आहेस ना?"

ती आली, वेगाने, मूठ पुढे. तो हलला नाही. मागे सरला नाही, अडवलं नाही. फक्त एक श्वासभर उभा राहिला. जिथे प्रतिकार असायला हवा होता तिथे तिला काहीच सापडलं नाही, आणि आपल्याच वेगाने ती त्याच्या अर्ध्या उघड्या हातांत येऊन थडकली. तिच्या केसांतला कापूस त्याच्या हनुवटीला लागला.

"दम लागलेला होता, कबूल," तो हळूच म्हणाला. "पण त्या दमात म्हाताऱ्याला काहीतरी सापडलं होतं. उडून जायची गरजच नसते. समोरचं माणूस... आपण होऊन येतं."

"सोड."

"मी धरलेलंच नाही."

खरंच, त्याने धरलं नव्हतं. ती मात्र आणखी एक श्वास तशीच राहिली.

त्यानंतर उडीची तालीम तिने त्याला दिली, आणि थांबायची त्याने तिला. 'शिकवणं' हा शब्द दोघांनीही उच्चारला नाही.

मेअखेरीच्या त्या सकाळी तेंग आखाड्याच्या अंगणात बोरांच्या मोहराचा मधाळ, झोपाळू वास भरून राहिला होता. साक्षीदार म्हणून गावातल्या सगळ्या आखाड्यांना बोलावण्याची रीत. त्यामुळे पाहुण्यांच्या रांगेत मेंग आजोबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी हाइताओ. रुओलानने त्या दिशेला पाहायचं नाही असं ठरवलं होतं. ते तिने पाळलं.

पण शरीर कुणाचं ऐकतं? पहिला हात, सातवा, अठरावा, सगळे जिथल्या तिथे. एकोणिसावा... आणि तिचे पाय जमिनीवरच राहिले. हात अर्धे उघडले, पापण्या किंचित मिटल्या. एक श्वास आत, एक बाहेर. तिने ठरवलं नव्हतं; तिला कळलं तेव्हा ते होऊन गेलं होतं. ज्याला फेर वाचता येतो त्या प्रत्येक माणसासमोर तिने आपल्या सगळ्या सकाळी उलगडून ठेवल्या होत्या.

थोरला गुरुबंधू तांग कुजबुजला, "ही तर डुलकीवाल्यांची..."

"तांग, तोंड आवर," आत्या म्हणाली. ती खुर्चीतून उठली नाही. "रुओलान. चूक झाली का तुझी?"

आवाज मऊ होता. रुओलानला दिसलं की आत्याने दार उघडं ठेवलं आहे. चूक माफ होते. 'हो' म्हटलं की चहा, आखाडा, तेरा वर्षांचं चीज, सगळं हातात. त्यासाठी फक्त त्या सकाळींना चूक म्हणायचं होतं.

"नाही, आत्या. चूक नव्हती."

"मग?"

"शिकले."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून," पाहुण्यांच्या रांगेतून आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदाच हाइताओ बोलण्याआधी थांबला नव्हता. "आणि मी उडी तिच्याकडून."

"बस खाली, गाढवा!" मेंग आजोबा कडाडले.

"नाही बसत, आजोबा. ती एकटीच का उभी राहील?"

आत्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "उडी शिकलास? दाखव."

पाहुण्याच्या नव्या करकरीत बुटांत हाइताओने उडी घेतली. उडी उंच होती, सुंदरही होती. पण बूट गुळगुळीत दगडावर घसरले आणि तो थेट पेल्यांच्या मेजावर जाऊन आदळला. चहा, बशा, सुकी बोरं, सगळं अंगणभर. कुणाला हसावं की ओरडावं ते कळेना. आणि मग हसली ती आत्याच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आत्या," रुओलान जवळ जाऊन म्हणाली, अगदी हळू, "शांगबाबांनी आपल्याला एकोणतिसाव्या वर्षी शिकवलं, आणि त्यांना एकाहत्तराव्या. दगडावर लिहिलंय. दोन्ही बाजूंनी."

आत्याचं हसू विरलं. तिचा हात नकळत उजव्या गुडघ्यावर गेला आणि तिथेच राहिला. मग ती उठली आणि लंगडत, आज काहीही न लपवता, मेंग आजोबांसमोर जाऊन उभी राहिली.

"मेंगदादा, चार वर्षं झाली, मला उडी येत नाही. त्या जागी काय करायचं असतं?"

म्हाताऱ्याने काठीवरची हनुवटी उचलली. "त्या जागी," तो म्हणाला, "पुढच्या उडीची घाई नसते, एवढंच. ये कधीतरी. दाखवीन."

त्या दिवशी आत्याने चहा घेतला नाही. निर्णय तिने उभ्यानेच सांगितला: वर्षभर रुओलानने पश्चिमेकडे शिकावं, आत्याच्या पत्रासह, उजळ माथ्याने. हाइताओने पूर्वेकडे. वर्षाने दोघांनी फेर करावा. कुणाचा चहा कोण घेईल, ते तेव्हा ठरेल. हाती आलेला आखाडा वर्षभराने लांबला. रुओलान रात्रभर रडेल असं तांगला वाटलं होतं. ती गाढ झोपली.

दोन्ही आखाडे एकाच वेळी उघडतात. त्यामुळे जूनच्या पहिल्या सकाळी ती पश्चिमेला निघाली आणि तो पूर्वेला, आणि पुलाच्या मधोमध दोघं समोरासमोर आली. खालून वाळूने लादलेली होडी चालली होती.

"म्हणजे आता रोज एवढंच?" तो म्हणाला. "तू इकडे, मी तिकडे?"

"एवढंच."

"वर्षभर?"

"मोज हवं तर. मोजण्यात तू हुशार आहेस."

"रुओलान, मला एक सांगायचं होतं..." आणि तो गप्प झाला. होडी पुलाखाली शिरली, पलीकडून बाहेर पडली, वळणाआड गेली.

"उशीर होतोय, हाइताओ. बोल की!"

"तू मला आवडतेस. फार. त्या अंगणातल्या फेराच्या कितीतरी आधीपासून... तू शिंकलीस तेव्हापासून."

तिने त्याच्याकडे पाहिलं. उत्तर तिच्याजवळ केव्हाचं तयार होतं. तरीही ते द्यायला तिने बराच वेळ घेतला, आणि दिलं ते शब्दांनी नव्हे. कठड्यावरचा त्याचा हात तिने उचलला, तळवा उताणा केला आणि आपल्या गालाशी धरला. सायकलवरून जाणारी एक भाजीवाली त्यांच्याकडे बघून घंटी वाजवत गेली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

त्या सकाळी कालव्याच्या दोन्ही तीरांवर, दोन निरनिराळ्या अंगणांत, उशिरा आल्याची शिक्षा म्हणून दोन माणसं तासभर गुडघे वाकवून घोडबैठकीत उभी होती. वस्ताद समोरून येरझारा घालत होते, घाम निथळत होता, मांड्या थरथरत होत्या. आणि दोन्ही अंगणांतले शिष्य एकमेकांना हेच विचारत होते, की एवढी शिक्षा होऊनही हे नवं माणूस हसतंय कशाला?